कपाशीची पंगत

माझं लग्न झालं त्या वर्षी आमच्या गावात दोनच गोष्टी नव्या होत्या. एक मी, आणि दुसरा युरिया. दोघांकडेही लोक डोळे बारीक करून बघायचे. मी अकोल्याच्या जुन्या शहरातली, मॅट्रिक झालेली. हिला निंदण-खुरपण झेपेल का, ही शंका माझ्याबद्दल. युरिया सातासमुद्रापलीकडून जहाजात बसून आलेला. तो आपल्या काळ्या जमिनीला मानवेल का, ही शंका त्याच्याबद्दल. त्यामुळे पहिल्यापासूनच मला युरियाबद्दल माहेरच्या माणसासारखी माया वाटायला लागली. साठचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी एकोणीस वर्षांची होते. त्या वयात माणसाला कशाचीही माया वाटते.

गाव नांदगाव खंडेश्वरच्या पुढे, एस.टी. सोडते तिथून बैलगाडीने तासभर. घरात आम्ही चौघं. मामाजी म्हणजे माझे सासरे, आत्याबाई म्हणजे सासूबाई, आमचे हे, आणि मी. मामाजींना वाद घालायची भारी हौस. कुस्ती असो, बैल असो, नाहीतर वांग्याच्या भाजीत गूळ घालावा की नाही हा प्रश्न असो, संध्याकाळी ओसरीवर दोन पक्ष पडल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. त्या वर्षी वादाला खत मिळालं होतं.

युरियाच्या आधी आलेलं सल्फेटचं खत गावाने दोन-चार वर्षं वापरून पाहिलेलं. जाड साखरेसारखे त्याचे खडे, नाकाशी नेले तर डोळ्यांत पाणी आणणारे. म्हाताऱ्यांचा त्यावर विश्वास बसला होता, कारण ज्याचा वास उग्र ते औषध जालीम, असा त्यांचा हिशेब. युरियाला वास जवळजवळ नाहीच. साबुदाण्यासारखा गोल, पांढराशुभ्र, मुठीत धरला तर बोटांतून घरंगळणारा. एका म्हाताऱ्याने तर दोन दाणे जिभेवर ठेवून पाहिले, थुंकले, आणि सांगितलं की याच्यात दम नाही. गावात दोन तट पडले. सल्फेटवाले आणि युरियावाले एकमेकांना चिलीम देईनासे झाले.

आता माझं या सगळ्यात काय पणाला लागलं होतं ते सांगते. आमच्याकडे कपाशी पेरताना तिफणीच्या मागे दोरीने बांबूच्या पोकळ नळ्या बांधतात. त्यांना सरते म्हणतात. बाईने एका हाताने सरता धरायचा आणि दुसऱ्या हाताने ओटीतली सरकी त्यात सोडत तिफणीमागे चालायचं. तिफण हाकतो पुरुष, पण पीक येतं ते बाईच्या हाताने, असा वऱ्हाडातल्या लोकांचा ठाम समज. जिच्या हाताला गुण, तिच्या ओळी भरतात. आणि नव्या सुनेचा हात पहिल्याच पेरणीला पारखला जातो. एकदा का ‘हिच्या हाताले गुण नाई’ असं गावाने ठरवलं, की ते ठरलं. मग तिने पुढे भाकरी कितीही टम्म फुगवली तरी पेरणीच्या दिवशी तिला घरी बसून सरकीला शेणमाती चोळावी लागते. मला घरी बसायचं नव्हतं. मला तिफणीमागे चालायला इतकं आवडलं होतं की पहिल्या दिवशी मी दुपारची भाकरी खायला थांबले नाही, आणि आत्याबाई म्हणाल्या, “थांब न वं बाई, वावर कुठं पळून जाऊन राहिलं?”

नाल्याकाठचं वावर दोन एकरांचं. नाल्याकडचा अर्धा आत्याबाईंनी पेरला, बांधाकडचा अर्धा मी. दोन्हीकडे सारखंच उगवलं. महिनाभराने निंदण झालं, ओल चांगली होती, आणि पिकाला वरून खत द्यायची वेळ आली तेव्हा मामाजींनी ओसरीवर जाहीर केलं, “जुन्या बाईच्या वाट्याले जुनं खत, नव्या बाईच्या वाट्याले नवं. होऊन जाऊ द्या फैसला.”

फैसला खतांचा होता, पण गावाला दिसली ती सासू-सुनेची कुस्ती. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायका मला बाजूला घेऊन विचारत होत्या की भीती वाटते का. मी म्हटलं, नाही. मला खरंच वाटत नव्हती. मला मजा वाटत होती.

ग्रामसेवक त्याच संध्याकाळी सायकलवरून आले. मोर्शीकडचा तरणा माणूस, घरातली पहिली सरकारी नोकरी. त्यांनी मामाजींना समजावून सांगितलं की पिकाला वाढवणारा जो अंश खतात असतो त्याला नत्र म्हणतात, आणि युरियात तो सल्फेटच्या दुपटीहून जास्त असतो. “म्हनून दादाजी, सल्फेट एकरी एक पोतं टाकसान तर युरिया अर्ध्या पोत्याहून कमीच टाका.”

मामाजी ताठ बसले. “म्हंजे एकाले अख्खी भाकर आन दुसऱ्याले चतकोर? एकाच वावरात?”

“चतकोर नाई दादाजी. त्याची भाकर जाड हाय, म्हनून कमी लागते.”

“जाड असो का पातळ असो. पंगतीत बसले म्हंजे सगळ्यायले सारखं वाढा लागते. माह्या बापानं कधी पंक्तिप्रपंच केला नाई, मी नाई करनार. तिकडं एक पोतं, इकडं एक पोतं. मंग पाहू कोन पैलवान हाय थो.”

ओसरीवरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. बरोबरीची लढत म्हणजे बरोबरीचा खुराक, याच्यापुढे नत्राचं काय चालणार? ग्रामसेवकांच्या हातात तेव्हा चहाचा कप होता. तो कप घरातल्या कपांतला नव्हता. ओसरीबाहेरच्या कोनाड्यात तो वेगळा ठेवलेला असे, आणि चहा झाला की ते स्वतः विसळून तिथे ठेवून देत. त्यांच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्म स्वीकारला होता, आणि आमच्या घराने अजून काहीच स्वीकारलं नव्हतं. त्यांनी कपाकडे पाहिलं, मग मामाजींकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, “पंक्तिप्रपंच नसला तर बरंच हाय, दादाजी.”

मामाजींना त्यात काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी पदराचं टोक चावत आत निघून गेले. नव्या सुनेने मध्ये बोलायचं नसतं, ही सबब मला त्या दिवशी पुरली.

गणित मात्र मला पटलं होतं. मी चुलीपुढे बसून कोळशाने जमिनीवर मांडून पाहिलं. सल्फेट मूठभर तर युरिया अर्धी मूठ, तीही सैल. मी ठरवलं की कोणाला न सांगता अर्धीच मूठ द्यायची. पोतं उरलं तर उरलं, बोलणी खाऊ. एकोणिसाव्या वर्षी मला स्वतःचं फार कौतुक होतं.

खत द्यायच्या दिवशी मी सकाळीच ओटीत युरिया घेऊन बांधाकडून सुरुवात केली. ओटीतून सरकी वाहून न्यायची सवय, म्हणून खतही ओटीतच. कोणी सांगितलं नव्हतं की दमट हवेत युरियाला पाझर फुटतो. अर्ध्या तासात माझं लुगडं कमरेपासून गुडघ्यापर्यंत ओलंचिंब झालं आणि मला हसू आवरेना. पलीकडे आत्याबाई सल्फेट देत होत्या, त्यांनी पाहिलं आणि त्याही पाठ फिरवून हसल्या. तशाच अवस्थेत मी झाडाझाडाशी अर्धी मूठ सोडत पाच ओळी पुऱ्या केल्या. सहावी सुरू करणार तेवढ्यात मामाजी बांधावर येऊन उभे राहिले.

“सूनबाई, असं चिमटीचिमटीनं काहून देऊन राहिली? तुह्या माहेरी असंच वाढतात काय?”

झालं. माहेरचं नाव निघालं आणि माझं गणित अकोल्याच्या मोर्णा नदीपार पळून गेलं. आमच्या जुन्या शहरातल्या दोन खोल्यांत पाहुणा आला तर माझी आई शेजारून तूप उसनं आणून वाढायची. मी सहाव्या ओळीपासून अशा मुठी भरल्या की बोटांच्या फटीतून युरिया सांडत होता. मामाजी खूश झाले. “असं. या पयल्या पाच ओळीले उद्या आनखी देऊ,” असं म्हणून ते गेले. त्या रात्रीपासून आठ दिवस झड लागली, वावरात पाय ठेवता येईना, आणि त्या पाच ओळींचं सगळेच विसरून गेले.

मग जे झालं ते मी काय सांगू! झड उघडली आणि आम्ही वावरात गेलो, तर माझ्या कपाशीचा रंग पालटला होता. हिरवा म्हणजे काळपट हिरवा. आत्याबाईंची कपाशी तिच्यापुढे आजारातून उठल्यासारखी दिसत होती. पंधरा दिवसांत माझी झाडं कमरेला आली, महिन्याभरात छातीला. रस्त्याने जाणारे बैलगाड्या थांबवून बघू लागले. पोळ्याच्या दिवशी तर बैल मिरवून झाल्यावर अर्धं गाव नव्या धोतरांनिशी रस्त्याच्या कडेला, आमच्या वावरापाशी. ज्या म्हाताऱ्याने दाणे चाखून थुंकले होते, तोच पानं कुरवाळत म्हणाला, “हात हाय बाप्पा पोरीचा.”

मी ते ऐकलं. शपथेवर सांगते, त्यानंतर आठ दिवस मला जमीन पायाखाली लागली नाही. पाणी भरायला निघाले की लांबचा रस्ता धरायचा, म्हणजे वाटेत चार घरं जास्त लागतात आणि चार बायका जास्त भेटतात. कोणी म्हणालं, “काय वं, तुही कपाशी तं लयच,” की मी मान खाली घालून ‘तसं काही नाही’ म्हणायचे आणि मनात दिवाळी साजरी करायचे. युरिया, नत्र, पोतं, अर्धी मूठ, सगळं मी विसरून गेले होते. ती कपाशी माझ्या हाताने आली होती. माझ्या स्वतःच्या हाताने! मी रात्री झोपताना हात उशाशी ठेवून बघायचे. हे म्हणायचे, “हाताले नजर लागंन, पदराखाली ठेव.”

शेजारच्या एका शेतकऱ्याने युरिया विकत आणून भीतीपोटी वापरलाच नव्हता. त्याने घेतलेलं अर्धं पोतं तसंच पडून होतं. मी ह्यांच्या मागे लागून ते आपल्या वावरासाठी आणवलं. ग्रामसेवक वाटेत भेटले, त्यांनी सांगितलं, “वहिनी, आता देऊ नोका. झाडाले फुलावर येऊ द्या.” मी म्हटलं, बरं. आणि वावरात जाऊन ते अर्धं पोतंही कपाशीला देऊन टाकलं. कपाशी मागत होती, असं मला वाटलं. खरं तर कौतुक मागत होते ते मी.

फक्त त्या पाच ओळींना मी काही दिलं नाही. त्या बांधाला लागून, बोरीच्या झाडापलीकडे. कमी खाल्लेल्या, त्यामुळे मांडीएवढ्याच. कोणी पाहुणा वावर बघायला आला की मी त्याला रस्त्याच्या बाजूने घेऊन जायचे, बांधाकडून नाही. घरात एखादं हडकुळं लेकरू असलं की लग्नाच्या फोटोत त्याला मागे उभं करतात ना, तसं मी त्या ओळींचं केलं. त्यांच्यावर चांगलं खत कशाला वाया घालवायचं, असा विचारही मी केला होता. मामाजी पंक्तिप्रपंचाच्या इतके विरुद्ध, आणि त्यांच्याच वावरात त्यांची सून पंगतीतल्या पाच पानांवरून वाढपी पुढे नेत होती.

मी माहेरी कार्ड टाकलं. ‘माझी कपाशी ह्यांच्या खांद्याला लागते. गावात दुसऱ्या कोणाची अशी नाही. आत्याबाईंची तर निम्मीच आहे.’ कार्ड उघडं असतं आणि वाटेतले सगळे पोस्टमन ते वाचतात, हे मला माहीत होतं. म्हणूनच कार्ड टाकलं होतं.

उत्तर दहा-बारा दिवसांनी आलं. माझी आई मोर्शीकडच्या शेतकऱ्याची लेक, तिला लिहिता येत नसे, ती वडिलांकडून लिहवून घ्यायची. वडिलांचं अक्षर मोत्यासारखं. ‘कपाशी जावईबापूंच्या खांद्याला लागली हे वाचून आनंद झाला. तुझी आई विचारते, बोंडं किती लागली? ते लिहिलं नाहीस.’

मी ते कार्ड दोनदा वाचलं, कमरेला खोचलं आणि तशीच वावरात गेले. भादवा सरत आला होता. माझ्या कपाशीत शिरले तर आत अंधार. पानं बाजूला करते तर पुन्हा पानं. फुलं इकडे एक, तिकडे एक, बोंडं हरभऱ्याएवढी, तीही झाडाला दोन नाहीतर तीन. पानांखाली माव्याची कीड मात्र मजेत नांदत होती. मी पन्नास झाडं पाहिली. मग आत्याबाईंच्या अर्ध्यात गेले. तिथे कमरेएवढ्या साध्या झाडांना बोंडं लगडलेली होती, काही तडकायलाही आली होती. मी दोन्ही अर्ध्यांमधल्या धुऱ्यावर बसले आणि रडले. चांगली हुंदके देऊन रडले, कारण आजूबाजूला कोणी नव्हतं आणि कपाशी इतकी उंच होती की मी कोणाला दिसलेच नसते.

गावाला कळायला चार दिवस लागले. दसऱ्यापर्यंत निकाल लागला होता: सुनेचा हात पानाला चालतो, बोंडाला चालत नाही. आत्याबाईंच्या हाताला गुण तो गुणच. विहिरीवर मी आता जवळच्या रस्त्याने जात होते. ग्रामसेवक येऊन वावर बघून गेले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, “जास्त जेवला म्हंजे मानूस झोपते वहिनी, कपाशी पानात जाते. इथं अर्धं पोतंबी लागलं नसतं.”

मी मामाजींना सांगायला गेले की हे खताचं आहे, हाताचं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “खत वाईट असतं तं एवढं वाढलं असतं काय? वाढलं तं पहा ना किती. बोंड नाई आलं, थे हाताचं असते.” मग म्हणाले, “मनाले लावून नोको घेऊ. पुढच्या साली पेरनीले एखादी बाई रोजानं लावू.”

माझं सगळं वर्ष त्या एका वाक्यात बुडालं. ते प्रेमाने बोलले होते, त्यामुळे भांडताही येईना. आणि भांडणार कोणत्या तोंडाने? ते जास्तीचं अर्धं पोतं मीच मागून घेतलं होतं.

कापूस वेचायला सुरुवात करण्याआधी आमच्याकडे सीतादही करतात. पहिल्या पांढऱ्या बोंडांतला कापूस हातानेच ओढून त्याचा लांब धागा करायचा, तो या झाडावरून त्या झाडावर नेऊन बांधायचा, झाडांच्या बुडाशी दहीभात ठेवायचा, हात जोडायचे आणि मग वेचणीला लागायचं. हे सगळं घरच्या बाईने करायचं, आणि जिथे कापूस चांगला फुटला असेल तिथे करायचं. त्या वर्षी ते कुठे होणार हे विचारायचीसुद्धा गरज नव्हती. वेचणीच्या बायका, मामाजी, हे, दोन-तीन शेजारी, सगळे थेट नाल्याकडच्या अर्ध्याशी जाऊन उभे राहिले. ग्रामसेवकही आले होते. दोन्ही खतांचं काय झालं ते त्यांना कागदावर लिहून न्यायचं होतं. मी सगळ्यांच्या मागे, डोक्यावर पाण्याची घागर.

आत्याबाई दहीभाताचं गंज कमरेवर घेऊन आल्या आणि थांबल्याच नाहीत. स्वतःच्या कपाशीवरून सरळ पुढे गेल्या. मामाजी म्हणाले, “अवं, कुठं जाऊन राहिली?” माझ्या त्या निरुपयोगी जंगलात त्या शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या. सगळे एकमेकांकडे बघत त्यांच्यामागून निघाले. पानं तोंडावर आपटत होती, वेचणीच्या बायका खिदळत होत्या. मला वाटलं, आता ही माझी फजिती वाजतगाजत निघाली आहे.

जंगल संपलं, बोरीचं झाड लागलं, आणि बांधाशी उजेड झाला. माझ्या पाच ओळी तिथे होत्या. मी दोन महिने तिकडे फिरकले नव्हते. कमरेएवढी झाडं, आणि खालपासून वरपर्यंत पांढरी. काही बोंडं इतकी उमलली होती की कापूस खाली लोंबत होता. आत्याबाईंच्या कपाशीलाही त्या वर्षी असा कापूस फुटला नव्हता. ग्रामसेवकांनी पिशवी खाली ठेवली आणि एका झाडाची बोंडं मोठ्याने मोजायला लागले. मोजणी विसाच्या पुढे गेली तेव्हा मामाजीही ओठ हलवत त्यांच्याबरोबर मोजत होते. मग त्यांनी दुसरं झाड स्वतः मोजलं, कारण दुसऱ्याने मोजलेल्यावर त्यांचा भरवसा नसे.

“ह्या पाच ओळी कोनं पेरल्या?” आत्याबाईंनी विचारलं.

“मी,” मी म्हटलं.

“आन खत?”

“अर्धी मूठ. मामाजींनी पाहिलं होतं. मग उद्या देऊ म्हणाले, आणि झड लागली.”

आत्याबाई मामाजींसमोर कधी फारसं बोलत नसत. त्या दिवशी त्या त्यांच्याकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. “गवत कापाले आली होती तवा दिसलं मले. तवाच सांगतलं असतं तं तुमी म्हनले असते, पाच ओळीचं काय घेऊन बसली. म्हनून आज आनलं सगळ्यायले.” गंज त्यांनी खाली ठेवलं. “माह्या हाताले बी नाव ठेवलं होतं, लगन झालं त्या साली. सात वर्सं तिफनीमागं येऊ देलं नाई मले. मंग सासूबाई बिमार पडल्या, बाई भेटली नाई, तवा सरता देला हाती. आज तुमी सगळे म्हनता, हिच्या हाताले गुन. हात थोच हाय.”

मामाजींनी घसा साफ केला. पांढऱ्या झाडांकडे पाहिलं, मागच्या जंगलाकडे पाहिलं. “म्हंजे ज्यायले कमी वाढलं, थेच पैलवान निघाले,” ते म्हणाले. आणि मग, कोणाच्याही अपेक्षेबाहेर, पोट धरून हसायला लागले. त्यांच्यामागून हे हसले, बायका हसल्या, आणि मी तर इतकी हसले की डोक्यावरच्या घागरीतलं अर्धं पाणी अंगावर सांडलं. खत दिलं त्या दिवसासारखंच पुन्हा लुगडं ओलं.

आत्याबाईंनी कापसाचं टोक माझ्या हातात दिलं. “ओढ. बारीक ओढ, तुटू देऊ नोको.” मी धागा ओढत या झाडावरून त्या झाडावर गेले. माझ्या घाईत धागा दोनदा तुटला, आणि दोन्ही वेळा त्यांनी थुंकी लावून जोडून दिला. असं करायचं नसतं म्हणे. आम्ही केलं.

मग तिथेच पळसाच्या पानांवर दहीभात वाढला. ग्रामसेवक सवयीने बोरीखाली, थोडं अंतर ठेवून बसले होते. मामाजींनी मान वर न करता हाक मारली, “ग्रामसेवक, तिकडं काहून बसले? ओळीत या.” ते आले, मामाजींच्या शेजारी बसले, आणि आत्याबाईंनी त्यांना सगळ्यांइतकंच वाढलं. त्यासाठी आधी कपाशीने आम्हाला शहाणं करावं लागलं, याची मला लाज वाटली आणि अजून वाटते. आणि वावरातलं ते ओसरीवर यायला वेळ लागला. कोनाड्यातला तो कप घरातल्या कपांत यायला पुढे दीड वर्ष गेलं.

पुढच्या वर्षीपासून आमच्याकडे युरिया आला तो कायमचा. अर्धं पोतं, मोजून, आणि ओटीत नाही, टोपलीत. मामाजी ओसरीवर नव्या शेतकऱ्यांना नत्राचं गणित असं समजावून सांगत की जणू ते त्यांनीच शोधून काढलं होतं. कोणी म्हणालं की दोघांना सारखंच द्या, तर ते म्हणत, “पंगतीत जो ज्याची त्याची भूक पाहून वाढते, थो वाढपी.” मी आतून ऐकायचे आणि भाकरी थापता थापता हसायचे. पेरणीला रोजाने बाई लावायचं नाव कोणी काढलं नाही. सरता माझ्याच हाती होता, पुढची बरीच वर्षं.

पण सीतादहीच्या त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. वेचणी आटोपून आम्ही दोघी डोक्यावर कापसाची गाठोडी घेऊन घरी परतत होतो. मी उड्या मारत चालले होते, तोंडाची टकळी थांबत नव्हती. मला सगळ्याचंच कारण शोधायची हुक्की आली होती. मी म्हटलं, “आत्याबाई, तुमच्या लग्नाच्या साली काय झालं होतं? खत तर तेव्हा नव्हतंच. मग कपाशी कशानं गेली?”

त्या थांबल्या, डोक्यावरचं गाठोडं सारखं केलं आणि पुन्हा चालायला लागल्या.

“त्या साली पानी पडलाच नाई, बाई,” त्या म्हणाल्या.